लिमिट स्विच आणि फुगणारी कणीक

माझं यंत्र चुकत नाही! सर्बियातल्या चाचाक गावात स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी, लाकूड कोरणारं संगणकी यंत्र उभं करणारा माणूस एकच, आणि तो मी, वुकाशिन. केसाचे तीन भाग करून मधल्या भागावर नाव कोरून देईल, असलं यंत्र!

काल संध्याकाळी याच यंत्रानं... नाही, यंत्रानं नाही. मीच. पावावर उमटवायचा आमचा लाकडी शिक्का माप घ्यायला शिकंज्यात आवळला. जरा जास्तच आवळला. टक्! दोन तुकडे.

पणजोबांचा शिक्का. वर्षातून एकदाच लागतो, आमच्या स्लावाला, म्हणजे कुळाच्या संताच्या दिवशी. ती स्लावा आज. आणि आजची स्लावा साधी नाही, बाबा ती माझ्या हवाली करणार आहेत. पाद्री येतात, घराचा यजमान त्यांच्याबरोबर तो पाव हातात धरून फिरवतो. बाबांनी चव्वेचाळीस वर्षं फिरवला. आज मी फिरवला की या घराचा यजमान मी! आणि शिक्का माझ्या खिशात. एक तुकडा डाव्या, एक उजव्या.

पण घाबरायचं कशाला? शिक्क्याचा फोटो आहे, अक्रोडाचा ठोकळा आहे, यंत्र आहे. कोरायला तास-सव्वा तास. नऊला पाव ओव्हनमध्ये, अकराला पाद्री. आठ-सव्वाआठला नवा शिक्का आईच्या हातात देईन आणि कुणाला काही कळणारसुद्धा ना

हद्द!

*सात दहा. कणीक निम्म्या भांड्यापर्यंत.*

माफ करा, वाक्य तुटलं. माझं यंत्र असंच तुटतं. त्याच्या रुळांच्या टोकांना छोटे लिमिट स्विच आहेत, माऊसच्या बटणाएवढे. कोरणी वाहणारा गाडा टोकाला जाऊन बटणाला टेकला की यंत्र जागच्या जागी थांबतं आणि पडद्यावर लाल अक्षरांत येतं, ‘हद्द’. छान सोय आहे! फक्त आत्ता गाडा मैदानाच्या मधोमध उभा होता. कशालाही टेकला नव्हता. आणि कुंपणाला धडकल्यासारखा बोंबलत होता!

एकदा थांबलं की सगळं शून्यापासून.

एकेक स्विच बोटानं दाबून पाहिला. टिक, टिक, टिक. ठणठणीत. वायरी ओढून पाहिल्या. घट्ट. पुन्हा सुरू केलं.

गॅरेजचं दार किलकिलं झालं. देसांका, माझी बायको. या घरात हे गुपित ठाऊक असलेली एकटी.

“झाला?”

“होतोय.”

“कणीक निम्म्यावर आलीय. आई विचारतायत शिक्का कुठंय.”

“सांग, पॉलिश करतोय.”

“पावाच्या शिक्क्याला पॉलिश? खायचंय ते आपल्याला!”

“मग सांग की धु

हद्द!

*सात पस्तीस. कणीक पाऊण भांडं.*

आता ते सात मिनिटं चाललं होतं. मागच्या वेळी पाच. देसांकानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“हा स्विच खोटं बोलतोय, की तू?”

मी वायर बदलली. हद्द! स्विचची अदलाबदल केली. हद्द! देवाचं नाव घेतलं. त्याला सहा मिनिटं मिळाली. मग हद्द! हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ निघाले होते.

तेवढ्यात दार पूर्ण उघडलं. बाबा! नवा सदरा, केस चापून बसवलेले, हातात पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत राकिया, आमची घरगुती फळांची दारू. स्लावाच्या सकाळी आमच्याकडं बाटलीत पाणी सापडलं तर आश्चर्य.

“तुझी आई म्हणते, तू इथं एकटा बसून ढोसतोयस.”

“नाही हो बाबा!”

“मग घाम कसला फुटलाय? आणि हे काय कोरतोयस?”

मी दोन्ही खिशांत हात घातले आणि दोन्ही तुकडे बाहेर काढले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

 बाबांनी तुकडे जुळवून पाहिले, पुन्हा वेगळे केले. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. देसांका माझ्यामागं सरकली.

“लाकूड दोन बोटांनी आवळायचं असतं,” शेवटी ते म्हणाले. “गाढवा.”

“हो बाबा.”

“यजमान व्हायचंय ना तुला? नऊच्या आत हे झालं नाही, तर यंदाही पाव मीच फिरवीन. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. काय दुखतंय याला?”

मी सांगितलं. बाबांनी स्विचवर नाक टेकवून पाहिलं आणि निदान केलं, “मळ!” आता आमच्याकडं ताप आला तर राकिया चोळतात, दात दुखला तर राकिया धरतात, काचा पुसायला राकिया. मग स्विचनं काय पाप केलंय? बाबांनी बाटलीचं बूच काढलं आणि रुळाच्या डाव्या स्विचला अक्षरशः आंघोळ घातली. देसांकानं हवेचा वास घेतला.

“बाबा, ही कुठली बाटली?”

“खिडकीतली.”

“ती मधाची आहे! बायकांसाठी केलेली!”

मी स्विच दाबला. टिक. सोडला. काहीच नाही. दाबलेला तो दाबलेलाच! मधात पाय रुतलेल्या माशीसारखा. आधी यंत्र सात मिनिटांनी थांबायचं. आता सुरूच होईना!

*आठ पंधरा. कणीक काठाला.*

“उपट तो,” बाबा म्हणाले. “तोडून टाक त्याची वायर.”

“आणि गाडा टोकाला गेला तर? रुळावरून उतरेल, मोटर जाईल!”

“मी आहे ना! यंत्र बंद करायच्या लाल बटणावर हात ठेवून उभा राहतो. टोकाला चाललाय असं दिसलं की दाबतो.”

माणूस झाला म्हणून काय झालं, स्विच तो स्विच! मी वायर सोडवली, यंत्राला सांगितलं की डावीकडची काळजी तू करू नकोस. बाबा तोफखान्याच्या शिपायासारखे बटणापाशी उभे. यंत्र निघालं. एक मिनिट. तीन. पाच. शिक्क्याची कड उमटायला लागली. सहा. बाबांचा श्वास थांबला. माझा तर कधीच

हद्द!

“मी हात लावला नाही!” बाबा किंचाळले.

“माहीत आहे!”

“गप्प. ऐक.”

आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. कोपऱ्यात दोन फ्रिज घुरघुरत होते. आमचा आणि शेजारणीकडून उसना आणलेला, दोन्ही एकाच बोर्डावर. आत कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचे तीनशे सारमा. आणि माझ्या स्विचच्या वायरी, नीटनेटकेपणा म्हणून, फ्रिजच्याच वायरीला बांधून नेलेल्या. मीच बांधल्या होत्या. छान दिसत होत्या.

“फ्रिजनं आचका दिला की तुझं यंत्र दचकतं,” बाबा म्हणाले. “चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलीत मी.”

मी दोन्ही फ्रिजचे प्लग काढले.

“सारमा!” देसांका.

“तासाभरात काही होत नाही! पण कणीक थांबव. गार जागी ठेव.”

“कुठं? फ्रिजमध्ये?”

मी ठोकळा पुन्हा शिकंज्यात आवळला. दोन बोटांनी.

*आठ पंचावन्न. कणीक भांड्याबाहेर.*

“आईला म्हणावं दहा मिनिटं!” मी ओरडलो. देसांका पळाली. भुसा घरात जायला नको म्हणून मी दाराला आतून कडी लावली. मी वेग दुप्पट केला. यंत्र भुंकायला लागलं, म्हणून बाबांनी आणि मी कानांवर जाडजूड कानपट्ट्या चढवल्या. आणि मग, काय सांगू, ते चाललं! पाच मिनिटं, दहा, वीस! अक्रोडाचा भुसा बर्फासारखा उडत होता. बाबांचा नवा सदरा तपकिरी झाला. त्यांनी खुणेनं सांगितलं, कड साफ नाही, आणखी एक फेरा. मी एक फेरा घातला. त्यांनी बोट फिरवलं, मधला क्रॉस अजून खोल. मी खोल केला. माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात या माणसानं माझं काम कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. आता बटणावरचा हात काढायला तयार नव्हता! दहा मिनिटं कधी उलटली, आम्हाला पत्ता नाही.

यंत्र आपणहून थांबलं. काम पूर्ण. बाबांनी शिक्का उचलला, अंगठा फिरवला, आणि मला म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. मी कानपट्टी काढली.

“काय म्हणालात?”

“म्हणालो, बरा आहे.”

मग दाराची कडी काढली. दारात देसांका उभी होती. तिच्या बाहीवर वाईनचा लाल डाग.

“पाद्रीबाबा गेले,” ती म्हणाली.

“आले कधी?”

“दहाला दहा कमी असताना. आज त्यांना सव्वीस घरं आहेत, घाईत होते. मी दार वाजवलं, आईंनी लाटणं आपटलं. तुम्हा दोघांच्या कानांवर डबे! पाव आईंनी नऊलाच आत टाकला होता, कणकेच्याच पट्ट्यांचा क्रॉस करून.”

“म्हणजे शिक्का...”

“लागलाच नाही.”

 पुढचा प्रश्न बाबांनी विचारला.

“पाव कुणी फिरवला?”

“पाद्रीबाबांनी विचारलं, यजमान कोण? आईंनी मला पुढं ढकललं. म्हणाल्या, ‘घरात शुद्धीवर असलेली ही एकटी.’”

बाबा स्टुलावर बसले. भुसा झटकला. 

“तीनदा फिरवला?”

“तीनदा.”

“पाव कापून कापावर वाईन ओतली?”

“थोडी बाहीवरही.”

बाबा उठले, तिच्यासमोर गेले, आणि आजवर फक्त त्यांनाच लोक ज्या सुरात म्हणत त्या सुरात म्हणाले, “स्लावा सुखाची होवो, यजमान!” आणि तिच्या गालाची तीन चुंबनं घेतली, आमच्या रीतीप्रमाणं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “फ्रिज लाव.”

बारापासून पाहुणे येऊ लागले. दारात प्रत्येक जण विचारायचा, यजमान कुठाय? मी आत बोट दाखवायचो आणि त्याचा कोट हातात घ्यायचो. खुंट्या दुपारी एकलाच संपल्या. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्या यंत्राच्या आडव्या दांडीवर सोळा कोट आरामात मावतात. आत्याचा फरचा धरला तर पंधरा.