न झालेल्या पिल्लांची वाटणी

“आमचं पिल्लू काळं आहे की पिवळं गं?” हळदीकुंकवाला रेखाने विचारलं, आणि शैलाच्या मस्तकात तिडीक गेली. कारण तिच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला, चिकूला, पिल्लं अजून व्हायचीच होती. जोडसुद्धा लावलेली नव्हती.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्या हॉलमध्ये आणखी पाच जणींनी तोच प्रश्न विचारला. शैलाच्या नवऱ्याने, म्हणजे यशोधनने, मराठी मंडळात प्रसाद वाटावा तशी पिल्लं वाटून टाकली होती.

“तूच म्हणालीस ना, आधी घरं बघायची, मग पिल्लं?” घरी आल्यावर तो शांतपणे म्हणाला. “बघितली की. सगळी बुक्ड.”

“घरं तपासायची रे, दान नाही करायचं!”

दोन वर्षं शैला मार्गारेटकडे, लॅब्रॅडॉर पाळण्यात हयात घालवलेल्या एका खमक्या बाईकडे, राबत होती. विष्ठा उचलली, डॉग शोमध्ये चिखलात उभी राहिली. एकच स्वप्न होतं, आपल्या नावाची निरोगी पिल्लं. आणि हा बाबा भोंग्यावर सांगत सुटला होता.

तिने एकेकाला फोन लावले. दिवसभर घरी कोण असतं, सुट्टीत कुत्रं कुठे ठेवणार, सगळं विचारलं.

“मी हॉस्पिटलात कन्सल्टंट आहे,” रेखाचा नवरा राजीव गुरगुरला. “पेशंट जीव सोपवतात माझ्यावर. आणि तू कुत्र्यासाठी माझा इंटरव्ह्यू घेतेस?”

“पेशंट संध्याकाळी फिरायला न्यावे लागत नाहीत, राजीव.”

तिने सगळ्यांना नापास केलं. मंडळाने पाडव्याचं श्रीखंड करायचा मान तिच्याकडून काढून घेतला.

त्यात चिकूच्या एक्स-रेचा रिपोर्ट आला. मागच्या पायांचे सांधे खराब. ते पिल्लांतही उतरण्याची भीती, त्यामुळे तिची पिल्लं घेणं योग्य नव्हतं. शैला स्वयंपाकघरात बसून संतापाने रडली.

“थोडेसेच खराब आहेत ना?” यशोधन म्हणाला. “लोकांना शब्द दिलाय मी. कोणाला कळणार आहे?”

“पिल्लांना कळेल. प्रत्येक जिना चढताना कळेल. आणि परत हे बोललास तर तुला वरच्या बेडरूममध्ये झोपू देणार नाही.”

तिने मार्गारेटला खरं ते सांगितलं. मार्गारेट म्हणाली, “नाही म्हणता आलं तुला, म्हणजे शिकलीस. माझ्या पुढच्या पिल्लांतली चांगली मादी तुला देते, तिच्यापासून सुरुवात कर. पण घर बघायला येणार.”

रविवारी ती आली. तिने कुंपण हलवून पाहिलं, बाग पाहिली, चिकूचे कान पाहिले.  तिचा चेहरा खुलत चालला होता. तेवढ्यात यशोधन चहा घेऊन आला.

“काही काळजी करू नका,” तो अभिमानाने म्हणाला. “या नव्या मादीचीही सगळी पिल्लं आत्ताच बुक करून ठेवलीत मी. राजीवलासुद्धा पटवलं.”

मार्गारेटने कप न उचलता कोट घातला.

“बाग उत्तम, कुंपण उत्तम,” दारात ती शैलाला म्हणाली. “नवरा नापास.”