उपसंपादक शीर्षक निवडतात

उपसंपादकांचं आयुष्य बातम्यांना शीर्षकं देण्यात गेलं होतं, आणि व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करताना ते नेमके परिच्छेदाला शीर्षक निवडण्यातच गटांगळ्या खात होते. बायको नोकरीसाठी परदेशी गेलेली. पास झाले तरच त्यांना तिच्याकडे जाता येणार होतं.

"काका, या परिच्छेदाला तुम्ही 'नदीत पडलेला अभियंता' हे शीर्षक का लावलंत?" शिकवणीच्या बाईंनी विचारलं.

"पडलाय ना तो."

"एका वाक्यात पडलाय. बाकी सगळा परिच्छेद पुलाच्या दुरुस्तीवर आहे."

"दुरुस्ती काय, चालूच असते. अभियंता रोज पडतो का?"

"इथे बातमी नाही शोधायची. सगळ्या वाक्यांना पुरेल ते शीर्षक घ्यायचं. एखादंच वाक्य डोळ्यांत भरलं, की समजायचं, तो आपल्याला फसवायला टाकलेला गळ आहे."

हे उपसंपादकांना भलतंच नवीन होतं. अभियंता पोहून बाहेर आला की नाही, ही हुरहुर बाजूला सारून ते सरावाला लागले. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचला, शीर्षक लावलं. शेजाऱ्यांचं भांडण ऐकलं, त्यालाही लावलं. हात इतका बसला, की पालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून आलं: 'पालिकेच्या कामकाजाचे विविध पैलू'.

"सभापतींच्या डोक्याला टाके पडलेत," संपादक थंडपणे म्हणाले.

"एका वाक्यात पडलेत, साहेब."

"परीक्षा होईपर्यंत तुम्ही घरीच बसा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बायकोचा फोन आला. ती भरभरून बोलली: धुक्याने भरलेली खिडकी, न वाळणारे कपडे, वैतागून दिलेला राजीनामा, ओले बूट, गोठलेला नळ. उपसंपादक डोळे मिटून ऐकत होते. राजीनाम्यापाशी कान टवकारले खरे, पण गळ त्यांनी लगेच ओळखला.

"मग, काय म्हणणं आहे तुमचं?"

"जाड स्वेटर घे."

परीक्षेत त्यांचं एकही शीर्षक चुकलं नाही. निकालाचा कागद घेऊन ते विमानाच्या तिकिटाची चौकशी करायला निघाले, तर दारात बायको, बॅगांसकट.

"तू इथे कशी?"

"नोकरी सोडली, येतेय, असं फोनवर सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलंस. पण एकाच वाक्यात."

"मग किती वाक्यांत सांगायचं?"

उपसंपादकांनी तिच्या हातातली बॅग घेतली.

"निदान निम्म्याहून जास्त."