दहा वर्षं, जपलं तर पंधरा

आपण आयुष्यात कशावरही आंधळा विश्वास टाकला नाही, असं एक लिफ्ट तपासनीस घरीदारी छाती काढून सांगत. म्हणून डाव्या दाढेवर सिरॅमिकची कॅप बसल्याबरोबर, खुर्चीतून उठायच्या आतच त्यांनी दंतवैद्य बाईंना विचारलं, ही टिकणार किती?

बाई म्हणाल्या, दहा वर्षं, नीट जपलं तर पंधरा, काहींची त्याहूनही जास्त. कॅप स्वतः किडत नाही, पण तिच्या कडेला, हिरडीपाशी, आतला दात किडू शकतो. तेव्हा तिथे ब्रश नीट फिरवायचा, बर्फ फोडायचा नाही, बाटल्यांची झाकणं दातांनी उघडायची नाहीत आणि झोपेत दात खायचे नाहीत.

"झोपेत मी काय करतो, ते मला कसं कळणार?"

"बायकोला विचारा," बाई म्हणाल्या.

बायकोने सांगितलं, "लग्न झाल्यापासून खाताय. मला वाटायचं, माझ्यावरच खाताय."

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. लिफ्टचा दोर झिजला तर डोळ्यांना दिसतो, हे झिजणं तर डोळे मिटल्यावर चालायचं. ते एकाच बाजूने चावू लागले, मग चावणंच सोडून मऊ भातावर आले. पँट कमरेवरून घसरू लागली.

अशात ऑफिसच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी एका जुन्या मित्राला फोनवर मन मोकळं केलं. "दहा वर्षं म्हणाल्या. जपलं तर पंधरा. पण आतून कधी किडायला लागेल, काही नेम नाही रे."

टायपिस्ट बाई मागून चालल्या होत्या. पुढे एका कानाचे दहा कान व्हायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत दहा वर्षांचे दहा दिवस झाले होते आणि साहेबांनी त्यांच्याकडचं जिने चढायचं सगळं काम काढून घेतलं. पंख्यावरून भांडून वर्षानुवर्षं अबोला धरलेला शेजारच्या टेबलावरचा कारकून उठला आणि त्याने मुकाट्याने पंखा त्यांच्याकडे वळवला. तपासनिसांनी आधी पंखा नीट तपासून घेतला. विनाकारण एवढं प्रेम कुणी करत नाही.

घरी आले तर दारात आक्काच्या चपला. साहेबांनी थोरल्या बहिणीला फोन करून तयारीत राहायला सांगितलं होतं, आणि त्याच्यापुढे विषय काढू नका, असंही बजावलं होतं. आक्काने धाकट्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच. मग ती स्वयंपाकघरात शिरली. बायको म्हणत होती, अहो, नुसती दाढ होती हो. त्यावर आक्का कुजबुजली, "तुला तेवढंच सांगितलं असेल. ऑफिसला सगळं ठाऊक आहे. पण त्याला कळू देऊ नकोस."

ती कुजबूज आणि बायकोचा हुंदका, दोन्ही भिंतीपलीकडे तपासनिसांना स्पष्ट ऐकू आले.

म्हणजे दाढ तपासताना दंतवैद्य बाईंना भलतंच काहीतरी दिसलं होतं, जगाला कळलं होतं आणि फक्त आपल्याला नाही! त्या रात्री ते असे दात खात राहिले की पलीकडच्या खोलीतल्या आक्काला घरात कुणीतरी फरशी घासतंय असं वाटलं. सकाळी जबड्यात कळ आली. आक्का आणि बायको दोन्ही दंडांना धरून त्यांना दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. साहेबही येऊन बसले.

आत गेल्यावर तपासनिसांनी बाईंचा हात धरला. "माझ्यापासून लपवू नका. मला किती दिवस राहिलेत?"

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दिवा ओढून तोंडात. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही दणकट आहात," त्या म्हणाल्या. "कॅपही ठणठणीत आहे, एक ओरखडा नाही. पण तिच्यावर घासून घासून वरची दाढ तडकवलीत तुम्ही. तुमची स्वतःची, चांगली. आता तिलाही कॅप लागेल."

तपासनिसांना इतकं हायसं वाटलं की सुई टोचलेलीही कळली नाही. दाढ कोरून झाली आणि ही आनंदाची बातमी आपल्याच तोंडाने सांगावी म्हणून ते धावत बाहेर आले. अर्धं तोंड बधिर होतं, ओठ एका बाजूला लोंबत होता, हनुवटीवरून लाळ गळत होती.

"काई धायं नाई," ते हसत म्हणाले. "मी ओके हाये."

आक्काने त्या वाकड्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ती साहेबांच्या अंगावर बेशुद्ध पडली.