तळणमुक्त शीतलधाम

कळंबा रस्त्यावरच्या शीतलधाम अपार्टमेंटमधील फ्लॅट क्रमांक सातचे रहिवासी श्री. वर्धमान मगदूम यांच्या रक्तात चरबीचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा अहवाल प्रयोगशाळेकडून प्राप्त झाला. सदर अहवाल डॉक्टरांसमोर ठेवला असता त्यांनी मान वर न करता 'तळलेलं बंद' एवढाच शेरा मारला. वर्धमानरावांनी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढली होती, त्यातली नऊ अधीक्षक म्हणून. असे शेरे त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर हजारांनी मारले होते. आपल्या कागदावर शेरा पडल्यावर कसं वाटतं, हे मात्र त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन त्यांनी मोबाइल उघडला. न तळता, ओव्हनमध्ये भाजलेले, मसाल्याचे छोटे डोनट कसे करावेत, हे एक हसतमुख बाई दीड मिनिटात दाखवत होत्या. वर्धमानरावांनी ते अकरा वेळा पाहिलं, वहीत उतरवून घेतलं आणि बारा खळ्यांचा साचा मागवला.

पहिला घाणा दाराला अडकण म्हणून लावण्याइतका घट्ट झाला. दुसरा साच्यातून सुटेना. तिसऱ्या वेळी त्यांनी अंड्याऐवजी दही आणि चिमूटभर सोडा घातला, साखर काढून गूळ घातला, आल्याऐवजी सुंठ घेतली, दालचिनी, जायफळ आणि वेलदोडा स्वतः कुटला. बारा मिनिटांनी ओव्हन उघडला तेव्हा जिन्यात येणारी माणसं थांबून वर बघू लागली.

"मधी भोक कशाला ठेवलंय?" त्यांच्या पत्नी त्रिशलाताईंनी विचारलं.

"जेवढं भोक मोठं, तेवढी चरबी कमी."

"मग नुसतं भोकच खावा की," असं म्हणून त्रिशलाताईंनी एक तोंडात टाकला, आणि लगेच दुसरा घेतला.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. एका निवृत्त माणसाला एक पदार्थ चांगला जमला. पण वर्धमानरावांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट आपल्याला हितकारक आहे असं आढळलं, की ती इतरांना सक्तीची कशी करता येईल याचा ते विचार करू लागत. नोकरीत त्यांची याबद्दल प्रशंसा झाली होती.

त्यांनी पहिला डबा तळमजल्यावर हंबीररावांकडं नेला. हंबीरराव म्हणजे दूध संस्थेतून निवृत्त झालेला, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. दोघं गेली बारा वर्षं रोज सकाळी कळंबा तलावावर फिरायला जात. हंबीररावांनी डोनट हातात फिरवला.

"मेदूवडा वाळवून आणलास व्हय?"

"खाऊन बघ की."

हंबीररावांनी खाल्ला. "वाईट न्हाय की गा!"

कोल्हापुरात याहून मोठी पदवी नाही. वर्धमानरावांना ती पुरेशी झाली.

ते अपार्टमेंटचे अध्यक्षही होते, कारण ज्या सभेत निवड झाली त्या सभेला ते वेळेवर गेले होते. पुढच्या सर्वसाधारण सभेत समोशांऐवजी डोनट ठेवले गेले आणि शीतलधाम हे शहरातलं पहिलं तळणमुक्त निवासस्थान करावं असा ठराव त्यांनी मांडला. चहा निवत होता. सोळा फ्लॅटचे सोळा हात वर गेले. फाटकावर हिरवी पाटी लागली: 'तळणमुक्त शीतलधाम. आम्ही निरोगी, आमचे शेजारी निरोगी.'

आठ दिवसांत पहिली शंका उपस्थित झाली. फोडणी म्हणजे तळण का? तिसऱ्या मजल्यावरचे वकील धैर्यशील यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमण्यात आली. तिनं तीन बैठका घेऊन असा निर्णय दिला, की दोन चमचे तेलापर्यंतची क्रिया ही फोडणी, त्यापुढची तळण. मात्र पदार्थ तेलावर तरंगत असल्यास चमच्यांचा हिशेब ग्राह्य धरला जाणार नाही. पापड भाजावा. पुरी ओव्हनमध्ये भाजल्यास तिला पुरी म्हणता येईल का, हा मुद्दा पुढील बैठकीवर ठेवण्यात आला.

नियम केला म्हणजे तो पाळला जातो की नाही हे पाहणं आलं. म्हणून सर्व कढया मीटरच्या खोलीत जमा करून घेण्यात आल्या. प्रत्येकीच्या कानाला फ्लॅट क्रमांकाची चिठ्ठी बांधली. सणावारासाठी 'नमुना त-१' काढला. सात दिवस आधी अर्ज, पदार्थाचं नाव, अंदाजे नग आणि खाणाऱ्यांची यादी. नमुना वर्धमानरावांनी स्वतः आखला. किती दिवसांनी त्यांच्या हाताला पट्टीचा स्पर्श झाला होता! त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

आणि मग एका मंगळवारी दुपारी हंबीरराव दारात उभे राहिले. त्यांची सून संयोगिता सहा महिन्यांची गरोदर होती.

"पोरीला कांदाभजी खाऊ वाटाल्यात. सकाळधरनं जेवली न्हाय. कढई दे."

वर्धमानराव उठले. किल्ली खिळ्याला होती. हात तिकडं गेलासुद्धा. पण वाटेत टेबल होतं आणि टेबलावर नमुने होते.

"त-१ भर की. डोहाळे वैद्यकीय कारणात बसतील. डॉक्टरचा दाखला जोड. समिती रविवारी बसते."

"आज मंगळवार हाय."

"मग वेळ भरपूर आहे."

"रविवारपातूर डोहाळं थांबत न्हाईत, वर्धमान."

"आज तुझ्यासाठी नियम मोडला, तर उद्या कुणाला काय सांगू? पाहिजे तर हे डोनट ने. ताजे आहेत."

हंबीररावांनी खिळ्यावरच्या किल्लीकडं बघितलं. डबा घेतला, कारण घरी आलेल्याला रिकाम्या हातानं परतवणारा आणि दिलेलं नाकारणारा दोघंही त्यांना सारखेच वाईट वाटत. संयोगितानं डबा उघडला, झाकला आणि रडू लागली. संध्याकाळी तिचा नवरा आदर्श तिला घेऊन तिच्या माहेरी, गडमुडशिंगीला, सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्धमानराव नेहमीप्रमाणं फाटकाशी थांबले. हंबीरराव आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वर्धमानरावांनी तलावावर एकट्यानं फेऱ्या मारल्या आणि घरी आल्यावर त्रिशलाताईंना सांगितलं, की गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे.

"गुडघं न्हाय दुखत त्यांचं," त्रिशलाताई म्हणाल्या. "तुमच्या रक्तातली चरबी कमी व्हईल तवा व्हईल. माणसं मात्र कमी व्हायला लागली."

आठवडाभर त्यांनी हे वाक्य गिळायचा प्रयत्न केला. ते डोनटच्या पहिल्या घाण्यापेक्षा घट्ट होतं. शेवटी त्यांनी ताजे डोनट भाजले, डबा भरला आणि बसनं गडमुडशिंगी गाठली.

संयोगिताच्या आईला सगळा गाव आक्का म्हणे. त्या परसात चुलीपुढं बसल्या होत्या आणि कढईत तेल होतं.

"या पावणं! टेका. कांद्याचं तुमच्या जैनांत चालत न्हाय, तवा मिरचीची सोडते."

"नको आक्का. मला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय."

"त्यांनी तुमास्नी बंद केलंय. तुमी सगळ्यास्नी केलासा," आक्का म्हणाल्या आणि ताटली पुढं सरकवली.

वर्धमानराव मान खाली घालून बसले. समोर मिरचीभजी होती, वाफाळती. एक खाल्लं नाही तर आक्कांचा अपमान होईल, असं एक कारण त्यांना तत्काळ सुचलं. कारणं सुचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी एक उचललं. नऊपर्यंत मोजलं. पुढं मोजणं सोडून दिलं.

संयोगिता हसत होती. "काका, तुमचं डोनट चहात बुडवून लई ब्येस लागतंय. पण भज्याची भूक त्यानं जात न्हाय हो."

"चुकलं माझं, बाळ. पण तुला एवढं खाऊ वाटत होतं, तर गुपचूप तळायचं की. मी काय घरात येऊन बघणार होतो?"

"अख्खी बिल्डिंग तळती, काका. वकिलांच्यात कुकरात तळत्यात. दुसऱ्या मजल्यावर चहाच्या पातेल्यात. नव्या कढया घेतल्यात लोकांनी."

वर्धमानरावांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "मग तुम्ही का नाही?"

"मामंजी न्हाय म्हणालं. मीटिंगमधी वर्धमानसमोर हात वर केलाय म्हणालं."

सोळा फ्लॅटमध्ये वर्धमानरावांखेरीज नियम पाळणारा एकच माणूस निघाला, आणि त्याच्याच सुनेला त्यांनी उपाशी ठेवलं होतं. एकतीस वर्षांत असे किती हंबीरराव आपल्या टेबलासमोरून दाखला आणायला परत गेले असतील, याचा आकडा ते लावू लागले आणि त्यांना परसातल्या धुराचा फार त्रास होऊ लागला. डोळे पुसायला आक्कांनी पदर नाही, पण पाण्याचा तांब्या पुढं केला.

संध्याकाळी ते हंबीररावांच्या दारात गेले. "संयोगिताला आणायला उद्या जाऊया दोघं," एवढंच म्हणाले. हंबीररावांनी त्यांच्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग पाहिला आणि त्यांना आत घेतलं.

रविवारी वर्धमानरावांनी विशेष सभा बोलावली. उभं राहून, कागद न वाचता, त्यांनी सांगितलं, की मी गडमुडशिंगीत भजी खाल्ली, पोटभर खाल्ली. पथ्य माझं होतं, ते मी तुमच्या गळ्यात बांधलं. नियम रद्द करावा आणि ज्यानं त्यानं आपली कढई घेऊन जावी.

मग वकील धैर्यशील उठले.

"अध्यक्षांनीच नियम मोडला? अत्यंत खेदजनक. फाटकावर पाटी आहे, पाहुणे तिचे फोटो काढतात. एका माणसाच्या जिभेसाठी अख्ख्या इमारतीचं आरोग्य पणाला लावायचं का?"

"न्हाय, न्हाय!" सभा म्हणाली.

मतदान झालं. नियम रद्द करण्याच्या बाजूनं दोन हात: वर्धमान मगदूम आणि हंबीरराव. नियम कायम ठेवून अध्यक्षांना पदावरून दूर करण्याच्या बाजूनं चौदा. हात वर करताना कुणीही खाली बघितलं नाही. वर्धमानरावांना राग आला नाही; उलट हसू आलं, कारण त्या चौदा चेहऱ्यांवरचा तो प्रामाणिक भाव त्यांना आरशातून चांगलाच ओळखीचा होता.

सदर चौदांपैकी वकिलांचं नाव वर आलंच आहे. उरलेल्या तेरांची नावं देता आली असती. पण मग ती वाचून 'आपण काही त्यातले नव्हे' असं म्हणत वाचकांनी पान उलटलं असतं. म्हणून ती जागा कोरी सोडली आहे. ज्यानं त्यानं आपलं नाव आणि फ्लॅट क्रमांक सुवाच्य अक्षरात भरावा.