बेचाळीस किलोंचं यंत्र

पत्रकावर यंत्राचं वजन बेचाळीस किलो छापलं होतं. खरं वजन एकशे बेचाळीस होतं. छापखान्यातल्या माणसाला सुरुवातीचा एक हा आकडा न वाटता समासाची रेघ वाटली आणि नीटनेटकेपणा म्हणून त्याने ती काढून टाकली. वीस हजार पत्रकं छापून, घड्या घालून, त्यातली निम्मी वाटूनही झाली, तेव्हा कुठे एक प्रत जिन्याखालच्या खोलीत पोचली.

जिन्याखालची खोली म्हणजे त्या अवजारांच्या कारखान्याचा आरेखन विभाग. तिथे एक तिरपं टेबल, एक दिवा आणि मोजपट्टी एवढाच ऐवज होता. मोजपट्टी हे तिथल्या आरेखकाचं टोपणनाव. एकोणीस वर्षं तो तिथे बसून नांगराचे फाळ आणि फवाऱ्यांच्या टाक्या काढत आला होता. पलंग घ्यायला दुकानात गेलो तेव्हा यांनी आधी मला मोजलं आणि मग पलंगाला, असं त्याची बायको सांगायची. ऐकणारे हसायचे. ती हसत नसे.

हे यंत्र मात्र त्याला कोणी काढायला सांगितलं नव्हतं. ते त्याने आपल्या ताईसाठी काढलं होतं. मेव्हणे गेल्यापासून ताई शेती एकटीच बघायची. कापणी, मळणी झाली की पेंढ्याची गंजी रचायची पाळी तिच्यावरच. लांब दांड्याच्या दाताळ्याने पेंढा डोक्यावर फेकून फेकून तिचा उजवा खांदा इतका गेला होता, की हात कानाच्या वर जात नव्हता. केस विंचरताना ती फणीकडे मान न्यायची. ते एकदा मोजपट्टीने पाहिलं आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"यंत्र काढ," ताई म्हणाली होती, "पण मला एकटीला ओढत या शेतातून त्या शेतात नेता आलं पाहिजे. नाहीतर ते बिचारं गोठ्यात उभं राहील आणि मी माझ्या जागी."

त्यावर त्याची सात वर्षं गेली. दोन चाकं, घडी होणारा तिपाई सांगाडा, त्यावर लांब हात, हाताच्या टोकाला पेंढा उचलणारा पंजा, छोटं इंजिन, आणि सगळं कलंडू नये म्हणून मागे ओतीव लोखंडाचा ठोकळा. हातगाडीसारखं ओढलं की निघालं. पहिल्या नमुन्याने कारखान्याच्या मागच्या पटांगणात पुरुषभर उंचीची गंजी रचली, तेव्हा मोजपट्टीने तो जोडणाऱ्या मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. मिस्त्रींनी तो हात उचलला जाईपर्यंत श्वास धरून ठेवला.

तर आता पत्रक घेऊन तो मॅनेजरांकडे गेला. तिथे विक्रीसाहेबही बसले होते.

"साहेब, पत्रकात वजन चुकलंय."

"पाहिलं मी," मॅनेजर शांतपणे म्हणाले. "पण आता ते खरेदी समितीकडेही गेलंय. तीन आठवड्यांनी मंडळी प्रात्यक्षिकाला येतायत. सहाशे नगांची ऑर्डर आहे. त्यांना काय सांगू, यंत्र शंभर किलोंनी वाढलं?"

"वाढलं नाही साहेब. होतंच तेवढं."

"मग झालं तर. जे होतं ते कमी करता येतं. जे छापलं ते पुसता येत नाही."

"बेचाळीस आकडाही बरा आहे," विक्रीसाहेब म्हणाले. "कानाला हलका लागतो."

मोजपट्टीने पुष्कळ समजावलं. यंत्र उचलायचं नाही, ओढायचं आहे, त्यामुळे वजनाची अडचण कोणालाच नाही, उलट वजन आहे म्हणून ते उभं राहतं. मॅनेजरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. शेवटी ते म्हणाले, "मागचा तो ठोकळा किती किलो?"

"अडतीस."

"तो काय काम करतो?"

"काम काही करत नाही. तो असतो. तो असला की यंत्र कलंडत नाही."

"म्हणजे नुसता असण्याचा पगार खातो," विक्रीसाहेब म्हणाले. "काढा. शेतात दगड काय कमी असतात? ज्याचा तो लावेल."

पहिल्या आठवड्यात ठोकळा गेला आणि यंत्र एकशे चारवर आलं. दुसऱ्या आठवड्यात इंजिन गेलं. ते रद्द केलं नव्हतं, 'स्वतंत्र जोडणी' म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवलं होतं. एकतीस किलो. मग चाकं आणि आस 'वाहतूक संच' झाली. चौदा किलो. जाड नळ्यांच्या जागी पातळ नळ्या आल्या, अकरा किलो वाचले. प्रत्येक वेळी मोजपट्टी नवं आरेखन काढायचा आणि मिस्त्री खाली ते कापायचे.

"आता यात यंत्र कुठलं आणि हवा कुठली, तेवढं खुणेने दाखवा," मिस्त्री म्हणाले. "मला चष्मा लागलाय, म्हणून विचारतो."

अठ्ठेचाळीसच्या किंचित वर गाडी अडली. प्रात्यक्षिकाला चार दिवस राहिले होते. मॅनेजर स्वतः खाली आले, त्यांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि हाताच्या टोकाशी थांबले.

"हा पंजा किती?"

"सहा. पण साहेब, पेंढा उचलतो तो हाच."

"इंजिन नाही तर हा हलणार कशाने?"

हिशेबाने मॅनेजरांचं बरोबर होतं. पंजा उतरवला. काटा बेचाळीस किलो तीनशे ग्रॅमवर थांबला. मिस्त्रींनी सांगाड्यावरची पितळी पट्टी उचकटून काढली. तिच्यावर 'रचना' असा शब्द आणि पुढे मोजपट्टीचं खरं नाव कोरलेलं होतं. बरोबर तीनशे ग्रॅम.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही 'नाही' का म्हणत नाही?"

"मी दर वेळी नाही म्हणतो."

"मग?"

"ते ऐकून घेतात."

ताईला प्रात्यक्षिकाचं आमंत्रण त्याने महिन्याभरापूर्वीच दिलं होतं. आता येऊ नकोस म्हणायला त्याने तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तिने आधीच सांगून टाकलं, की मी चांगली साडी काढून ठेवली आहे.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी शेतात एका बाजूला पेंढ्याचा ढीग, मध्ये सांगाडा आणि समोर मांडवात खुर्च्या. मागे टेम्पोत इंजिन, चाकं, पंजा आणि ठोकळा अशी खोकी तयार होती. मॅनेजरांचा बेत सरळ होता. आधी वजन करून दाखवायचं, मग चहा, आणि समिती चहात गुंतली की मिस्त्रींनी सगळं जोडून टाकायचं.

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते आणि छापील मजकुरावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःचा काटा आणला होता. सांगाडा काट्यावर चढला. बेचाळीस.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "लिहिलंय तेवढंच भरणारी वस्तू मी पहिल्यांदा पाहतोय. चालवा आता."

"आधी चहा घेऊ," मॅनेजर म्हणाले. "तोवर आमची माणसं किरकोळ जोडणी करतील."

"जोडणी कसली? जे तोललं तेच चालवा. नाहीतर जोडणीसकट परत तोलतो."

विक्रीसाहेब बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मॅनेजरांनी मोजपट्टीकडे पाहिलं. मोजपट्टी सांगाड्याकडे पाहत होता. तीन पाय आणि वर एक लांब रिकामा हात. सात वर्षांत त्याने त्याची शेकडो चित्रं काढली होती, पण हे काय आहे असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

शेवटच्या रांगेतून ताई उठली. तिला वजन, जोडणी, समिती यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या भावाचा चेहरा तेवढा तिला वाचता येत होता, आणि तो तिने शाळेतल्या निकालाच्या दिवशी पाहिला होता तसाच होता. तिने पदर खोचला, शेतमालकाच्या खोपटाला टेकवलेलं दाताळं उचललं आणि सांगाड्याला हात लावून तो हलवून पाहिला.

"शिडी म्हणून बरा आहे," ती मिस्त्रींना हळूच म्हणाली. "तुम्ही खालून द्याल ना?"

मिस्त्रींनी दुसरं दाताळं घेतलं. ताई सांगाड्यावर चढली. मिस्त्री खालून पेंढा देत होते, ती तो झेलून बसवत होती. कडेला कड, मधोमध उंचवटा, पावसाचं पाणी आत शिरू नये असा उतार. उजवा हात वर जात नव्हता म्हणून ती कमरेतून वळत होती. चाळीस मिनिटांत गंजी उभी राहिली. एकाही बाजूला ती बोटभर कलली नव्हती. मोजपट्टीने सवयीने खिशातली पट्टी चाचपली आणि हात तसाच बाहेर काढला.

समितीतले एक गृहस्थ टिपणं घेत होते. "इंधन?"

"शून्य," मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

"आवाज?"

"तुम्ही ऐकलाच नाही."

"बिघाड, सुटे भाग?"

"बिघडायला यात काही ठेवलेलंच नाही."

अध्यक्ष गंजीभोवती फिरून आले. "वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. "पण चालवायला शिकावं लागेल असं दिसतं. या बाई प्रत्येक तालुक्यात येऊन दाखवतील का?"

"त्यासाठीच त्यांना नेमलंय," मॅनेजर म्हणाले. नेमून तोवर अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

सहाशे नगांची ऑर्डर तिथेच मिळाली.

परतताना गाडीत मोजपट्टी ताईला म्हणाला, "तू नको जाऊस. मी साहेबांना सांगतो. हे यंत्र तुला हे करायला लागू नये म्हणून होतं."

"माहितेय रे," ताई म्हणाली. ती डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होती. "पण पगार देतायत. गाडीत पुढची सीट देतायत. दुपारी कोणीतरी ताट वाढून समोर ठेवणार. घरी माझ्या गंजीला कोण टाळ्या वाजवतं?"

"आणि खांदा?"

"खांदा काय, घरीही दुखतोच."

पुढच्या सोमवारपासून ती प्रात्यक्षिक प्रमुख झाली. मोजपट्टीला मॅनेजरांनी बोलावून अभिनंदन केलं, चहा पाजला आणि सांगितलं, की यंत्र आता इतकं सोपं झालंय की आणखी काही आरेखन लागेलसं वाटत नाही, तेव्हा तुम्ही काही दिवस स्टोअरमध्ये बसा. जिन्याखालच्या खोलीत खोकी लागली. त्यातली बरीचशी 'स्वतंत्र जोडणी'ची होती. ती कोणी मागवली नाहीत.

महिन्याभराने ताईच्या स्वतःच्या शेतातली मळणी झाली. पेंढा उघड्यावर पडून होता आणि ती चार तालुके पलीकडे होती. सुट्टीच्या दिवशी मोजपट्टी बायकोला घेऊन तिथे गेला. पहिला नमुना न्यावा असं त्याच्या मनात होतं, पण तोच कापत कापत बेचाळीस किलोंवर आणला होता. तेव्हा दोघांनी दोन दाताळी घेतली.

बायको खालून देत गेली आणि तो वर बसवत गेला. प्रत्येक थराला त्याने मोजपट्टी लावली. लांबी बरोबर होती, रुंदी बरोबर होती, आणि तरीही गंजी गोठ्याकडे अशी झुकत चालली, की जणू तिला आत काहीतरी विचारायचं होतं. दुपारी तो तिच्या माथ्यावर उभा राहिला. दोन्ही हातांना फोड आले होते. खाली पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की चढताना पायाखाली पेंढा वाढत गेला, उतरताना तसं काही होणार नाही.

"या आता खाली," बायको म्हणाली.

"थांब जरा. विचार करतोय."

विचार करून झाल्यावर त्याने ताईला फोन लावला. मागे माणसांचा गलका होता.

"ताई, गंजी झाली. थोडी कललीय."

"कलू दे. कोणत्या बाजूला?"

"गोठ्याच्या."

"मग गोठाच टेकू देईल. जेवलात का?"

"अजून नाही. खांदा कसा आहे तुझा?"

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "खांद्याचं राहू दे. काल पाच रचल्या. आज सहा सांगितल्यात. बोल लवकर."

मोजपट्टीने पुन्हा खाली पाहिलं. मग म्हणाला, "उतरायचं कसं?"

"उतरत नाहीत रे. बसायचं आणि घसरायचं. सात वर्षं काढलंस आणि हे ठाऊक नाही तुला?" ती हसली आणि फोन ठेवला.

तो बसला, घसरला. गंजीची गोठ्याकडची अख्खी बाजू त्याच्यासोबत खाली आली. बायकोने आधी पेंढ्यातून त्याचा चष्मा शोधून काढला, मग त्याला. चष्मा पुसून त्याच्या हातात दिला, दाताळं उचललं आणि विखुरलेला पेंढा पुन्हा एका जागी ओढायला लागली.