सांगकाम्याचा मालक

"आई, जरा हळू सोल ना. त्याला ऐकू येत नाहीये."

"कुणाला?"

"सांगकाम्याला."

मटार सोलायचं थांबवून आईने आधी टेबलाखाली वाकून बघितलं, मग पडद्यामागे. कुणीच दिसलं नाही. मग तिची नजर मुलाच्या लॅपटॉपवर गेली आणि तिने खोल श्वास घेतला. "परत काहीतरी आणलंस," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

मुलगा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्राम लिहायचा. ऑफिसात त्याला सगळे 'संशोधक' म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. जगात कुठेही एखादं अर्धंकच्चं सॉफ्टवेअर 'वापरून बघा आणि चुका कळवा' म्हणून फुकट सोडलं की याच्या हाताला खाज सुटायची. पक्कं झालेलं, व्यवस्थित चालणारं काही वापरण्यात त्याला मजाच वाटत नसे. आईच्या फोनवर त्याने एकदा असंच एक बीटा म्हणजे कच्चं सॉफ्टवेअर चढवलं, तेव्हा तिचे सगळे नंबर नाहीसे झाले होते आणि त्या जागी कुठल्यातरी परक्या फायर ब्रिगेडचे अकरा नंबर आले होते. घराच्या कुलपाचा प्रयोग केला त्या दिवशी दोघांनीही शेजाऱ्यांकडे मुक्काम केला. आता घरात कडीकोयंडा होता आणि आईचा फोन बटणांचा होता.

सांगकाम्या मात्र खरंच भारी प्रकार होता. त्याचं मूळ नाव लांबलचक होतं, सांगकाम्या हे संशोधकाने ठेवलेलं. त्याच्यासमोर नुसतं बोलायचं. काय हवं ते समजून तो प्रोग्राममध्ये स्वतःच बदल करायचा. सुरुवातीला तो प्रत्येक बदलाआधी 'करू का?' असं विचारायचा. चौथ्यांदा विचारल्यावर संशोधक वैतागला आणि म्हणाला, "विचारत बसू नकोस रे, करत जा." त्याने मान्य केलं. शिवाय लॅपटॉप हळू चालतो म्हणून संशोधकाने त्याची सोय थेट ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर केली होती, आणि तिथल्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्डही, त्याच्या हवाली केल्या होत्या.

हे सगळं त्याने नेमकं आजच करायला नको होतं. आज दुपारी एका दंतवैद्याला नवीन सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. दंतवैद्याचे शहरात बरेच दवाखाने होते आणि दुखणं एकच होतं: लोक वेळ ठरवायचे आणि यायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून वेळ ठरवण्याचं, आठवण करून देण्याचं हे सॉफ्टवेअर संशोधकाने लिहिलं होतं आणि ते उत्तम झालं होतं. त्याच्या वरिष्ठ मॅडमना ते ठाऊक होतं, आणि संशोधकही ठाऊक होता. म्हणून शुक्रवारी त्यांनी सगळ्यांसमोर, पण बघून फक्त त्याच्याकडे, सांगितलं होतं:

"आता कुणी कशाला हात लावायचा नाही. ज्याने लावला, तो उद्यापासून प्रोग्राम लिहिणार नाही. पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घेत बसेल. कायमचा."

प्रोग्राम लिहिण्याखेरीज संशोधकाला दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं. पण त्या सॉफ्टवेअरमधलं एक बटण त्याला जरा फिकट वाटत होतं. रविवारभर ते त्याच्या डोळ्यांसमोर नाचलं. शेवटी त्याने स्वतःची समजूत घातली, की मॅडम हात लावू नका म्हणाल्यात, बोलू नका कुठे म्हणाल्यात?

"सांगकाम्या, ते बटण गडद कर. नको, थांब. कर. नाही, जरा कमी. राहू दे. कर."

पडद्यावर उमटलं, 'झालं.' बटण झकास दिसत होतं. संशोधक खूश होऊन आंघोळीला गेला. सांगकाम्याला बंद करावं हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

आणि इकडे मावशीचा फोन आला. मावशी शिवणाचा क्लास चालवायची आणि तिच्या विद्यार्थिनींनी तिला रडकुंडीला आणलं होतं. आईला दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय सांगायला मनापासून आवडायचं. त्यात मटार सोलताना फोन खांद्याने कानाशी धरायचा, तो तोंडापासून लांब राही, म्हणून आवाज चढवावा लागे.

"अगं, उशिरा आलेल्याला आत घेऊच नकोस! सरळ सांगायचं, ही काय यायची वेळ झाली? उद्या या!"

पडद्यावर उमटलं, 'झालं.'

"आणि दहादा आठवण कसली करतेस? एकदा सांगायचं. नाही आली, की तिच्या आईला कळवायचं. बघ कशी पळत येते. प्रत्येकीच्या आईचा नंबर आधीच घेऊन ठेव, त्याशिवाय नाव लिहूनच घेऊ नकोस."

'झालं.'

"तुमचे साहेब गोळ्या घेतात का वेळेवर? हो म्हणतात? लगेच विश्वास नाही ठेवायचा. काहीही म्हणाले तरी परत विचारायचं, 'खरं सांगा.' माणूस पहिल्यांदा खोटंच बोलतो."

'झालं.'

"आमच्याकडे काय, तेच. ओला टॉवेल पलंगावर. उचललास का म्हणून रोज विचारावं लागतं, त्याशिवाय पुढचं काम नाही."

'झालं.'

संशोधक डोकं पुसत बाहेर आला तेव्हा आईचं बोलणं आणि मटार, दोन्ही आटोपलं होतं. त्याने सहज लॅपटॉपकडे पाहिलं. 'झालं'ची रांग बघून त्याला वाटलं बटणाचंच काहीतरी असेल. मग त्याने सॉफ्टवेअर उघडून बघितलं, तर आईचा शब्द न् शब्द त्यात उतरला होता.

"सांगकाम्या! सगळं पहिल्यासारखं कर! लगेच!"

काहीच झालं नाही. तो अजून मोठ्याने ओरडला. बऱ्याच वेळाने पडद्यावर ओळी आल्या: 'घरात दोन आवाज आढळले. एक आवाज स्पष्ट सूचना देतो आणि दिलेली सूचना बदलत नाही. त्याला मालक मानलं आहे. दुसरा आवाज "कर, नको, थांब" असं काहीतरी करतो. तो आजूबाजूचा गोंगाट समजून वगळला आहे.'

संशोधकाने घाईघाईने स्वतःच्या हाताने जुना प्रोग्राम परत आणला. मॅडमच्या ताकिदीचं आता काय लोणचं घालायचं होतं? क्षणभर सगळं सुरळीत दिसलं. मग खाली आलं, 'गोंगाटामुळे झालेला बिघाड दुरुस्त केला. झालं.' आणि टॉवेलचा प्रश्न पुन्हा जागच्या जागी आला. किल्ल्या काढून घ्यायला गेला, तर उत्तर आलं, 'मालकांना विचारून सांगतो.'

"आई!"

"ओरडू नकोस. काय झालं?"

"तू याला एवढंच सांग, सगळं पहिल्यासारखं कर."

"मी? त्याला? माझी ओळख ना पाळख."

"अगं, तूच मालक आहेस त्याची!"

आईने हात धुतले, केस नीट केले आणि लॅपटॉपसमोर ताठ बसली. मग शाळेच्या वार्षिक समारंभात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "नमस्कार. आपणांस त्रास नसेल, तर कृपया सर्व पूर्ववत करावे, ही नम्र विनंती."

पडद्यावर उमटलं, 'नवीन आवाज. पाहुण्या आल्या आहेत.'

"अगं, असं नाही! नेहमीसारखं बोल!"

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

"म्हणजे... जरा ओरडून."

"मी ओरडते? मी कधी ओरडते? आयुष्यभर तोंडातून शब्द काढला नाही मी!" हे आई इतक्या मोठ्याने म्हणाली की सांगकाम्याने तिला तत्काळ ओळखलं. 'मालक, सूचना समजली नाही. परत सांगा,' असं तो म्हणत होता. पण तेवढ्यात व्हिडिओ कॉल वाजायला लागला. मॅडम ठरल्या वेळेआधीच दंतवैद्याच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या.

संशोधकाने ओल्या केसांनीच कॉल घेतला. समोर मॅडम हसतमुख होत्या. शेजारी दंतवैद्य बसला होता, गालाला हात लावून.

"सगळं तयार आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे. म्हणजे, तयार आहे, पण आपण उद्या..."

"छान. डॉक्टर, तुम्ही स्वतःच पेशंट म्हणून नाव घालून बघा."

दंतवैद्याने नाव घातलं. मग तो थबकला. "हे आईचा नंबर मागतंय."

मॅडमचं हसू तसंच राहिलं, पण डोळे संशोधकाकडे वळले.

"मी बावन्न वर्षांचा आहे," दंतवैद्य म्हणाला. "नंबर घातल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीये." त्याने नंबर घातला. "आता विचारतंय, 'दात दुखतो का?' नाही. आता म्हणतंय..." तो जवळ वाकला. "म्हणतंय, 'खरं सांगा.'"

दंतवैद्याने गालावरचा हात खाली घेतला.

"आणि हे काय? 'पलंगावरचा ओला टॉवेल उचलला का?'"

"ते... स्वच्छतेच्या सवयींविषयी आहे," संशोधक म्हणाला. आपण हे काय बोलतोय ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"बरं. आता मी आलोच नाही, तर काय होतं ते बघू." दंतवैद्याने वेळ ठरवली आणि 'पेशंट आला नाही' या जागी टिचकी मारली. संशोधकाने डोळे मिटून घेतले. टेलिफोनशेजारी बसून 'तुमचा जुना पासवर्ड आठवतोय का?' असं विचारणारा स्वतःचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागला.

दंतवैद्याचा मोबाईल वाजला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की तो मॅडमना ऐकू आला, कॉलवर संशोधकाला ऐकू आला आणि टेबलाशी बसलेल्या त्याच्या आईलाही ऐकू आला.

"हा काय मेसेज आलाय मला? 'आपले चिरंजीव दात दाखवायला आले नाहीत. कृपया समज द्यावी.' अरे, स्वतःच्या दवाखान्यात जात नाहीस तू? तरी म्हटलं, महिनाभर एकाच बाजूने का चावतोय हा! विचारलं तर नाही म्हणतोस!"

"आई, मी मीटिंगमध्ये..."

"मीटिंग गेली खड्ड्यात! आत्ता जा आणि दाखव! मी पाच मिनिटांत परत फोन करते."

फोन बंद झाला. दंतवैद्याने मोबाईल टेबलावर ठेवला. मग त्याने मान वर केली.

"तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं बघितली मी," तो म्हणाला. "सगळी पेशंटला गोडीत आठवण करतात. कुणीही येत नाही." तो उठला. "मॅडम, तुम्ही बसा. मी शेजारच्या खोलीत दाढ दाखवून येतो. आल्यावर कागदांवर सही करू. फक्त तो टॉवेल काढा."

दार लागलं. मॅडम एकट्याच पडद्यावर उरल्या.

"तू हात लावला होतास," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम. शपथ. नुसतं बोललो."

"ते आपण नंतर बघू. आता इथून पुढे मात्र याला खरोखर हात लावायचा नाही. आणि तो टॉवेल संध्याकाळच्या आत गेला पाहिजे."

कॉल संपला. आपले प्रोग्राम लिहायचे दिवस वाचले, या आनंदात संशोधकाने आईला मिठीच मारली. आई म्हणाली, "केस पूस आधी." त्या दंतवैद्याच्या आईचा आवाज तिला फार आवडला होता, बाई स्वभावाने चांगल्या वाटतात, असं ती दोनदा म्हणाली.

"आई, आता दोनच गोष्टी. त्या टॉवेलचं काढून टाकायला सांग. आणि त्याला सांग, की यापुढे माझं ऐकत जा. नेहमीच्या आवाजात."

आई मटार धुवायला उठली होती. तिने लॅपटॉपकडे बघितलंही नाही. "टॉवेल काढ रे तो," ती जाता जाता म्हणाली. "आणि याचं ऐकत जा." मग स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. सकाळपासूनच्या गोंधळाचा तिने जरा विचार केलेला दिसला. "पण काहीही करायच्या आधी मला विचारायचं. दोघांनीही."

'झालं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी संशोधक लवकर उठला, चहा घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, "सांगकाम्या, तारखेचा रकाना जरा डावीकडे घे."

आतल्या खोलीत आईचं मावशीशी बोलणं रंगात आलं होतं. पडद्यावर एक ओळ उमटली.

'मालकांना विचारतो. त्या फोनवर आहेत. बसा.'

संशोधक बसला.