खळदकर आणि साबणाची बरी बाजू

खळदकर साबणाला "हलू नका" म्हणतात.

साबण हलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "माणसंही फारशी हलत नव्हती, अध्यक्ष. पण सांगितलं की समोरचा जरा सावरून बसतो." साबण सावरून बसतो का, हा पुढचा प्रश्न मी गिळला. पुण्यात प्रश्न जपून विचारावेत, कारण उत्तर मिळतं.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचा मी अध्यक्ष. खळदकर आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बहिणीबरोबर राहतात. सोसायटीत त्यांची ओळख सध्या 'फोटोत एक दाखवून हातात दुसरं देणारे आजोबा' अशी झाली आहे. ही ओळख खोटी आहे. ती कशी तयार झाली हे मला पक्कं ठाऊक आहे आणि तेच सांगायला बसलो आहे. पण आधी माणूस कळायला हवा.

बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या एका दुकानावर, अंधाऱ्या जिन्याच्या टोकाला खळदकरांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आणि मुख्य म्हणजे स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि जिना चढणारं कुणी राहिलं नाही. त्यांची धाकटी बहीण सुमनताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी साबण करायला घेतला. आपल्या घरात कॉस्टिक सोडा म्हटलं की बायका दोन पावलं मागे सरकतात. सुमनताई तो मीठ घ्यावं तसा मोजून घेतात. खोबरेल, एरंडेल, कधी वाळा, कधी मसुरीचं पीठ, कधी हळद. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत साबण ओतायचा, घट्ट झाला की सुरीने वड्या पाडायच्या आणि महिनाभर फळीवर वाळवायच्या. वाळला की तो फोटोला बसतो.

'बसतो' हा खळदकरांचा शब्द.

मला हा प्रकार कळला तो एका तक्रारीमुळे. त्यांच्या खालच्या फ्लॅटमध्ये अमरावतीचा एक आयटीवाला मुलगा भाड्याने राहतो. तो माझ्याकडे आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "काका, वरच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी काहीतरी शूटिंग चालते न. ते आजोबा कोणत्या तरी बाईला म्हणतात, जरा वळा, पदर सावरा, लाजू नका. मी वर्क फ्रॉम होम आहे, काका. कॉलवर सगळ्यांना ऐकू जातं."

अध्यक्षाला अशा वेळी जावंच लागतं. मी बेल वाजवली. आतून आवाज आला, "दार उघडंच आहे. उजेडात उभे राहू नका."

आत खिडकीपाशी टेबल, टेबलावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर कडुनिंबाच्या साबणाची एक हिरवट वडी. तिच्या कमरेला केळीच्या वाळक्या सोपटाची पट्टी बांधलेली. तोच पदर. तिवईवर जुना कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे वाकलेले खळदकर.

"बाईंचं कपाळ मोठं आहे," ते वर न बघता म्हणाले. "समोरून घेतलं तर नुसतं कपाळच येईल. डावीकडून घेऊ."

मी तक्रार विसरलो आणि खुर्चीत बसलो. त्यानंतर सकाळचं फिरणं आटोपलं की मी तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागलो.

साबणाचा फोटो काढणं ही मला चुटकीसरशी होणारी गोष्ट वाटायची. खळदकरांना एकेका वडीला अख्खी सकाळ लागे. उजेड एकाच बाजूने, खिडकीचा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, म्हणजे सावली असेल पण काळीठिक्कर नसेल. आधी वडी चारी बाजूंनी फिरवून बघायची. कुठला कोपरा दबलाय, सुरीची रेघ कुठे उमटलीय, तेलाचा तवंग कुठे गोठलाय. मग मान हलवून ते त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणत, "जे आहे ते. पण बऱ्या बाजूने."

हे वाक्य ते कशालाही लावत. माझ्या पंच्याहत्तरीला मी फोटो काढायला सांगितला तेव्हा माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "वेळ लागेल, अध्यक्ष."

सजावटीचा त्यांना तिटकारा. एकदा मी प्रेमाने झेंडूची फुलं नेली, साबणाभोवती मांडावीत म्हणून. त्यांनी ती उचलून सरळ देवघरात नेऊन ठेवली. "करवल्या इतक्या नटल्या की नवरी कोणती ते विचारावं लागतं." दुसऱ्यांदा मी सुचवलं की साबणावर पाण्याचे थेंब शिंपडले तर छान चमक येईल, जाहिरातीत करतात तसं. त्यावर स्वयंपाकघरातून सुमनताई म्हणाल्या, "दादा, त्यांना चहा दे. कामाला लाव काहीतरी."

सुमनताईंच्या डाव्या गालावर लहानपणी भाजल्याची खूण आहे, कानापासून थेट हनुवटीपर्यंत. त्या ती झाकत नाहीत. बघणाराच आधी चुळबुळतो, मग त्या हसून त्याला सोडवतात. गेल्या दिवाळीपूर्वी सोसायटीच्या हॉलमध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "एक टेबल मलाही द्या. नातेवाइकांनी कौतुक केलं, पण ते फुकटातलं. अनोळखी माणूस घेतो का, ते एकदा बघायचंय मला."

एवढीच त्यांची इच्छा होती. मी आनंदाने टेबल दिलं. शिवाय अध्यक्षाच्या अधिकारात जाहीर केलं की फाटकावरच्या फ्लेक्सवर त्यांच्याच साबणाचा फोटो राहील.

खळदकरांनी हळदीच्या साबणाचा फोटो दिला. आता एक गोष्ट सांगायला हवी. हळदीचा साबण पिवळा होत नाही. कॉस्टिकशी गाठ पडली की हळद लाल होते आणि वाळता वाळता विटकरी रंगावर येऊन थांबते. वर कडेला पांढरट राखेसारखा थर धरतो. तो निरुपद्रवी असतो, पण दिसतो. फोटोत हे सगळं होतं. विटकरी रंग, पांढरी कड, एका कोपऱ्याला लहानसा खळगा. आणि तरीही ती वडी अशी ऐटीत बसली होती की हात पुढे व्हावा.

माझा हात पुढे झालाच, पण भलत्या कामाला. नुकतंच मला फोनवर फोटो 'सुधारता' येऊ लागलं होतं. बोट फिरवलं की डाग जातो. पंच्याहत्तरीच्या फोटोतले माझे गालावरचे तीळ मी असेच घालवले होते आणि मुलीने "बाबा, किती फ्रेश दिसताय" असं कळवलं होतं. मला वाटलं, ही पांढरी कड लोकांना बुरशी वाटेल. फिरवलं बोट. मग खळगा. मग रंग सरकवत सरकवत छान लग्नाच्या हळदीसारखा पिवळा केला. स्वारगेटजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे फोटो पाठवला आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात झोपलो.

प्रदर्शनाच्या सकाळी खळदकर फाटकाशी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. मी लांबून पाहिलं. मग ते आत गेले. मी समजलो, आवडला.

फ्लेक्सने काम चोख केलं. सुमनताईंच्या टेबलापुढे गर्दी झाली. अनोळखी बायका वडी उचलत, बघत, वास घेत, आणि एकमेकींकडे बघत. "हा तो नव्हे," एक म्हणाली. "तो पिवळा कुठेय?" सुमनताई हळदीचं समजावू लागल्या. दुसरी म्हणाली, "अहो, हळद घातलीय की वीट कुटून?" हशा पिकला. आणि मग एक वयस्क बाई, आवाजात काडीचाही राग न आणता, म्हणाल्या, "असू दे गं. फोटोत एक दाखवायची नि समोर दुसरी आणायची, जुनीच रीत आहे."

सुमनताईंच्या हातातली वडी हातातच राहिली. खळदकर मागच्या खुर्चीवरून उठले. मी चार पावलांवर होतो.

"फोटो मी काढलाय," ते म्हणाले. "हिच्या साबणात खोट नाही. खोट फोटोत आहे."

ते थांबले. मी बोलावं, यासाठी ती जागा होती असं आता वाटतं. मी बोललो, पण काय बोललो? "पुढच्या वर्षी फोटो समितीकडून तपासून घेण्यात येतील." लोकांनी माना डोलावल्या. सुमनताईंनी सगळ्या वड्या पिशवीत भरल्या. एकही विकली गेली नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत आजोबांवर विनोद सुरू झाले. त्यांतल्या एकावर मी हसरा चेहराही टाकला, कारण न टाकणारा मी एकटाच उरलो असतो.

त्यानंतर मी तिसऱ्या मजल्यावर जायचा बंद झालो. गुडघ्याचं कारण सांगितलं. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे.

शेवटी गेल्या आठवड्यात गेलो. खळदकर बुधवार पेठेत कॅमेऱ्याची बॅटरी आणायला गेले होते. सुमनताईंनी दार उघडलं, काही न विचारता चहा टाकला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो फोटो मी बदलला, मी गप्प बसलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "दादाला ते त्याच सकाळी कळलं होतं. उभा जन्म त्याने गिऱ्हाइकांचे डाग असेच पुसले, निगेटिव्हवर पेन्सिलीने. घरी येऊन म्हणाला, अध्यक्षांनी हात चालवलाय. खळगा पुसला, पण खळग्याची सावली विसरले."

"मग माझं नाव का नाही घेतलं त्यांनी?"

त्यांनी गॅस बारीक केला. "माझंही नाही घेतलं कधी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नाचं बघत होते तेव्हा स्थळाला पाठवायचा फोटो भावानेच काढला होता. फोटोत गाल स्वच्छ होता. पाहुणे आले, मुलगी समोर आली आणि मुलाचे काका उठून उभे राहिले. म्हणाले, फोटोवाली कुठे आहे? पाहुण्यांदेखत वडिलांनी दादाच्या थोबाडीत मारली. पुढे शेवटपर्यंत ते त्याच्याशी सरळ बोलले नाहीत. बहिणीचं वाटोळं करणारा, असंच सगळं घर म्हणत राहिलं.

"माझा डाग पुसायला तो तयारच नव्हता," सुमनताई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं. पाया पडले होते त्याच्या. एकदा तरी मला तसं दिसायचं होतं."

"आणि तुम्ही घरी कधीच..."

"नाही ना. धीरच झाला नाही. वडील गेले, आई गेली, सांगायचं राहूनच गेलं." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "म्हणून तर तुम्हाला चहा देतेय. दुसऱ्या कुणी दारातूनच परत पाठवलं असतं."

इतक्यात खळदकर आले. पिशवी हातात, दारातच उभे. आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं.

"अध्यक्षांना काहीतरी सांगायचंय," सुमनताई म्हणाल्या.

"तोंडी नको," खळदकर म्हणाले. "सोसायटीचा नियम आहे. लेखी द्या."

"लिहितो," मी म्हणालो. "सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो."

"मग माझंही लिहा त्यात," सुमनताई म्हणाल्या. "लग्नाच्या फोटोतला डाग पुसायला मी लावलं होतं, हे. नावानिशी."

खळदकर गर्रकन बहिणीकडे वळले. "सुमे, उगाच काहीतरी..." एवढंच म्हणाले. पिशवी हातात तशीच धरून ते आत गेले. न्हाणीघराचं दार लागलं, नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

मी उठू लागलो. सुमनताईंनी मला खुणेनेच बसवलं.

"राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या. निवतोय."